मी मिशेरी लावत नाही

"हस गं जरा. दाखव यांना."

मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. हॉलमध्ये त्यांच्या ऑफिसची माणसं बसली होती. मी हसले. एका बाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या तोंडात बघितलं.

"खरा वाटतो की."

"फायबरचा ब्रिज आहे," मॅडम म्हणाल्या. "मागून फायबरची पट्टी चिकटवतात, तिच्यावर दात बनवतात. बाजूचे दात कापायला लागत नाहीत. मीच करून दिला. मिशेरी लावतात ना ही लोकं, दात राहतात कुठे?"

मी तळवली गावची. जन्मात मिशेरी लावली नाही.

घणसोलीच्या त्या फ्लॅटमध्ये मी मॅडमच्या वडिलांना सांभाळायला होते. आजोबांना माणसं ओळखू येत नव्हती. एका सकाळी मोजे घालताना मी त्यांना चोर वाटले. काठी सरळ तोंडावर आली. वरचा पुढचा दात लादीवर पडला. आजोबांचा राग नाही आला मला. मॅडमनी रक्त पुसलं. म्हणाल्या, "पप्पांना कळत नाही गं. बाहेर बोलू नकोस."

नाही बोलले. ओठाला बर्फ लावला आणि आजोबांना नाश्ता भरवला.

जखम भरल्यावर मॅडमनी त्यांच्या डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टर मऊ बोलायचे. माझ्या तोंडात कापूस, ओठ ताणलेले. काम करता करता म्हणाले, "मिशेरी आता बंद हं."

मॅडम शेजारीच उभ्या. त्यांनी मान डोलावली. म्हणजे त्यांनी आधीच तसं सांगून ठेवलं होतं. मला काहीच वाटलं नाही. छताकडे बघत पडून राहिले.

हॉलमध्येही आधी काही वाटलं नाही. मग त्या बाई म्हणाल्या, "यांना स्वच्छता शिकवावीच लागते." मी ट्रे टेबलावर ठेवला.

"मी मिशेरी लावत नाय. मॅडमच्या पप्पांनी काठी मारली. तवा पडला दात."

कोणी कप उचलेना. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं केलं तुझ्यासाठी."

"केलंत. पन का केलंत, ते पन सांगा यांना."

दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणून फोन आला.

आता दुसरं घर शोधतेय. आधीचं काम का सुटलं, हे सगळे विचारतात. मी झालं ते सांगते. दोन घरांनी नंतर कळवतो म्हटलं, कळवलं नाही. आई म्हणते, सासरचं कारण सांग, गावाला गेले होते सांग.

नाही सांगणार. जिथे जाईन तिथे हेच सांगणार. ऐकून कामावर ठेवायचं तर ठेवा.