काळविटाखालची सही

आमच्या शाळेच्या ड्रॉइंगच्या मास्तरांइतका जनावरांशी अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हेडमास्तरांच्या खोलीत ते चपला घालून बेधडक शिरायचे, पण देवगाव फाट्याकडच्या माळावर काळवीट दिसलं की चपला काढून हातात घ्यायचे. मी सेलूला त्याच शाळेत गणित शिकवायचो. चपला वाजतात म्हणून काढता का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाजत्यात बी, आन् दुसऱ्याच्या घरात जायलाव तर काढायलाच पायजेत की, सर."

मास्तर शिकले होते जलरंगात. पण आमच्याकडच्या एप्रिलात माळावर बसल्यावर कुंचला कागदापर्यंत पोचेस्तोवर वाळून जायचा. त्यातच एका तहानलेल्या मेंढपाळानं त्यांचं कुंचले धुवायचं निळसर पाणी गटागटा पिऊन टाकलं आणि वर "गार हाय" अशी पावतीही दिली. त्या दिवशी मास्तरांनी पाण्याचा नाद सोडला आणि शाळेचे रंगीत खडू उचलले. ते पंधरा दिवसांत संपायला लागल्यावर हेडमास्तर कडाडले, तेव्हा मास्तरांनी औरंगाबादहून कोरड्या पेस्टलची पेटी आणली. पेस्टल म्हणजे निव्वळ रंगाची भुकटी. ती बोटांनी कागदावर चोळायची आणि काच बसेपर्यंत तिला जिवापाड जपायचं, कारण नुसती बाही घासली तरी कोल्ह्याची शेपटी गायब. मास्तरांच्या घरात चित्र चालू असताना शिंकायला बंदी होती. जिनिंगचा हंगाम आला की हवेतला कापूस चित्राला चिकटतो म्हणून खिडक्या बंद व्हायच्या. वहिनी कपाच्या कानाला लागलेला रंग बघून सांगायच्या, "ससा संपला वाटतं. लांडगा सुरू झालाय." एकदा मानवतहून येताना एसटीत त्यांनी मांडीवर आडवं धरलेलं चित्र बघून कंडक्टरनं काय आहे विचारलं. "काळवीट हाय. हळू बोला, बुजंल," मास्तर म्हणाले. त्यानं खरोखरच पुढची तिकिटं हळू आवाजात फाडली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी घराला नवी बैठक काढली, तेव्हा मास्तरांनी मला एक काळवीट दिलं. मान वळवून बघणारं, पायांत वाळलेलं गवत, आणि कोपऱ्यात काळ्या पेस्टलनं पूर्ण नाव, आडनावासकट. "काच लवकर बसवून घ्या, सर," एवढंच बजावलं. मी आळशी, चित्र कपाटावर पडून राहिलं. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. मास्तर बौद्ध. त्यांच्या गावाकडची वस्ती जीव मुठीत धरून बसली होती आणि मास्तर रजा टाकून तिकडे गेले होते. मित्र म्हणवणाऱ्यानं त्यांची खबर काढायला जायचं, का घरी बसायचं? मी तिसरंच केलं. चित्र घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो.

दुकानाच्या बाकावर आमच्याच भावकीतले दोघं-तिघं नामांतरावर तावातावानं बोलत होते. त्यातला एकजण माझ्या मांडीवरच्या चित्राकडे बघून म्हणाला, "झ्याक हाय की. कोनी काढलं?"

आडनाव वाचलं असतं तर सगळं कळलं असतं. त्यानं वाकून बघण्याआधी माझा अंगठा त्या कोपऱ्यावर गेला आणि दोनदा फिरला. "बाजारातून आणलंय," मी म्हणालो. अंगठा काळा झाला होता, तो धोतराला पुसला. फ्रेमवाल्यानं वर काच ठोकली.

महिन्याभरानं मास्तर घरी आले. खंगले होते. गावाकडचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. काळविटासमोर जमिनीवर बसून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सही पुसल्यावानी दिसायलीय. घासली असंल कुठं. काढू का काच? परत करतो." त्यांनी मला वाट काढून दिली होती. मी म्हणालो, "राहू द्या, चित्र खराब होईल." त्यांनी चहा घेतला आणि गेले. त्यानंतर त्यांनी कुणालाही दिलेल्या चित्राखाली सही केली नाही. लोकांना तो आणखी एक विक्षिप्तपणा वाटायचा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर थट्टा चालायची आणि त्या थट्टेत मी हसायचो, हे सांगतानाही आज मान वर होत नाही.

चौऱ्याण्णवला अखेर नामांतर झालं. मास्तर तोवर रिटायर झाले होते. मी चित्र घेऊन त्यांच्याकडे गेलो, फ्रेम खाली ठेवली आणि सोळा वर्षं दडवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ठावं हाय, सर. काचेतून तुमचा अंगठा साफ दिसायलता," मास्तर म्हणाले. "पोरांचे हजार कागद तपासल्यात. बाही घासलेली कशी दिसती आन् अंगठा कसा दिसतो, कळतंय मला."

"मग आता सही करा," मी म्हणालो.

त्यांनी खिळे उचकटून काच काढली, पेटीतून पिवळट खडू घेतला आणि माझ्या अंगठ्याच्या ठशावर गवताच्या चार-पाच काड्या ओढल्या. करंगळीनं हलकेच चोळल्या. ठसा दिसेनासा झाला. नाव काही त्यांनी लिहिलं नाही.

"लय झालं, सर. चहा घ्या," ते म्हणाले.

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बैठकीत येणारा माणूस काळवीट बघून विचारतोच, कुणी काढलं म्हणून. मी त्यांचं पूर्ण नाव सांगतो, आडनावासकट, आणि गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच सांगतो. पण आता ते ऐकायला मास्तर नाहीत.