न वाचलेलं नाव छापत नाही

मजीद मुकादम मोठेपणी एका जागी दहा मिनिटं बसला असेल, तर तो फक्त विमानात, आणि तेसुद्धा पट्टा बांधायला लावतात म्हणून. म्हसळ्याकडच्या गावात असताना आई म्हणायची, ह्या पोराच्या पायाला भिंगरी लागलीय. दोह्याला येऊन सव्वीस वर्षं झाली, अल सद्दच्या एका गल्लीत स्वतःचं छपाईचं दुकान झालं, डोक्यावरचे केस गेले, पण भिंगरी काही गेली नाही. संगणकावर एखादी मोठी फाइल उघडायला लागली की ती उघडेपर्यंत ह्याच्या दुकानात तीन फेऱ्या होत. काउंटर सांभाळणारी त्याची बायको साजिदा वैतागून म्हणायची, "ओ, जरा बूड टेकाल तर बरा होईल. लादी झिजली!"

पण अशा उतावळ्या माणसाचा एक कायदा होता, आणि त्यात तो तसूभर हलत नसे. छापण्याआधी गिऱ्हाइकानं पडद्यावर बोट ठेवायचं आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. हा कायदा आभाळातून पडला नव्हता. दुकानाच्या पहिल्याच वर्षी त्यानं रत्नागिरीच्या एका कुटुंबासाठी शोकसभेचा बॅनर छापला होता. दोन भावांत ह्यानं गफलत केली, आणि ज्याच्या नावापुढे 'मर्हूम' छापलं, तोच सकाळी बॅनर घ्यायला दारात उभा. त्या माणसानं बिचाऱ्यानं हसून सोडून दिलं, पण मजीदनं कानाला खडा लावला. न वाचलेलं नाव छापायचं नाही म्हणजे नाही.

त्या गुरुवारी दुपारी अबू नादिर आले ते हातात काठी घेऊन, आणि सोबत लेक रीम. वय एक्क्याऐंशी. दोह्यात अरबीचे मास्तर म्हणून आयुष्य गेलं, म्हणून मजीद त्यांना 'उस्ताज' म्हणायचा. त्यांचं गाव पॅलेस्टाइनमध्ये, नाब्लुसच्या दक्षिणेला डोंगरात, ऐन सुमाक नावाचं. नोकरीसाठी तरुणपणी बाहेर पडले, मागे सदुसष्टची लढाई झाली, गाव इस्रायलच्या ताब्यात गेलं, आणि मग परतीचा कागद कधी मिळालाच नाही. त्या गावची चाळीसेक कुटुंबं आता कतारमध्ये. शुक्रवारी सगळे मुऐदरला एका हॉलमध्ये जमणार होते, आणि भिंतीवर लावायला उस्ताजना गावाचा आणि भोवतालच्या मुलखाचा मोठा नकाशा हवा होता. इथे जन्मलेल्या नातवंडांना आपल्या गावाच्या आजूबाजूला काय आहे ते ठाऊक नाही, ह्या एका गोष्टीनं म्हाताऱ्याला घेरलं होतं. पुढच्या मेळाव्यापर्यंत आपण असू की नाही ह्याचा त्यांना भरवसा नव्हता.

नकाशा रीमनं तयार केला होता, वडलांकडून विचारून विचारून. मजीदनं तो पडद्यावर लावला आणि म्हणाला, "उस्ताज, यल्ला, वाचा."

उस्ताजनी बोट ठेवलं ते झऱ्यावर. तिथून ते जणू पायीच निघाले. झरा, तेलाचा घाणा, शाळा, ओकच्या झाडाखालची वलीची मजार, दगडाची खाण, खिंड, खिंडीपलीकडचं गाव, तिथून नाब्लुसचा रस्ता. प्रत्येक नावाला एक हकीकत. घाण्याचा मालक किती चिकट होता, खिंडीत कुणाचं गाढव घसरलं. मजीदच्या पायांत मुंग्या आल्या. बाकीच्या ऑर्डरी थांबल्या होत्या, फोन वाजत होता, आणि इथे गाढव अजून दरीतून वर यायचं होतं.

मग बोट लष्कराच्या चौकीपर्यंत आलं, चौकीपासून वळसा घेणाऱ्या नव्या रस्त्यानं वर टेकडीवर गेलं आणि थांबलं. टेकडीवर इस्रायली वस्तीचं नाव होतं.

"हे कुणी लिहिलं?" उस्ताजनी विचारलं.

"मी," रीम म्हणाली.

"ही तल्लत अल-लौझ आहे. बदामांची टेकडी. आपली झाडं होती इथे. काढ ते."

"बाबा, टेकडी मोकळी दाखवली तर पोरं विचारतील, मग रस्ता वळसा का घेतो? झऱ्यावर कुणाला का जाऊ देत नाहीत? फोनवरच्या नकाशात तर त्यांना तिथली घरं दिसतात. मग ती म्हणतील, आजोबा खोटं सांगतात."

म्हाताऱ्यानं टेकडीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग मजीदला म्हणाला, "बदामांची टेकडी वर लिही, ठळक. ते खाली, बारीक." मजीदनं तसं केलं.

"आता वाचा, उस्ताज."

उस्ताजनी वरचं नाव वाचलं. मग बोट उचललं. "खलास. छाप."

"एक राहिलं."

"ते माझ्या तोंडून येणार नाही."

"मग ते काढतो. पण न वाचलेलं..."

"काढायचं नाही," रीम म्हणाली. "आणि बाबा म्हणत नाहीत, तर मीही म्हणणार नाही."

मजीदनं दुकानात फेऱ्या घालायला सुरुवात केली. साजिदा हळूच म्हणाली, "ओ, सोडा ना आता. म्हाताऱ्याचा जीव कशाला खातंव?" त्यालाही ते दिसत होतं, लाजही वाटत होती. पण एकदा कायदा सोडला तर उद्या काय, हे भूत मानगुटीवरून उतरेना. शेवटी त्याला तोड सापडली, आणि सापडल्याच्या आनंदात तो जवळजवळ धावतच पडद्याकडे आला.

"उस्ताज, तुम्ही नका वाचू. माझ्या जिभेला त्याचं काय! मी वाचतो. चूक झाली तर माझी."

आणि त्यानं बोट ठेवून ते नाव वाचलं. स्पष्ट, खणखणीत, एका दमात, जसं तो दिवसभर गिऱ्हाइकांची नावं वाचतो.

रीमनं मान खाली घातली. उस्ताज मजीदकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मजीदला सोसला असता.

"किती सहज म्हणालास," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ती वस्ती आमच्या डोक्यावर उभी आहे. आई गेली, दोन भाऊ गेले. कुणाच्याच तोंडून ते नाव आलं नाही. मला वाटायचं, ते उच्चारायला फार अवघड असणार."

"उस्ताज, माफ करा, मी..."

"तुझं काही चुकलं नाही. उद्या माझी नातवंडं भिंतीसमोर उभी राहतील आणि तुझ्यासारखंच म्हणतील. एका दमात." त्यांनी काठी सावरली आणि मशीनच्या दिशेला तोंड केलं. "छाप, बेटा."