उंबराखालचा धूर

नातवंडांनो, आज शेजारणीने डासांसाठी कडुलिंबाचा पाला जाळला आणि तंजावूरच्या आमच्या परसातलं एक भांडण आठवलं. तुम्हाला ते कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते. माझं नवीन लग्न झालं होतं. उंबरं फोडली की आत बारीक किडे दिसत, आणि दत्ताच्या नैवेद्याला तर स्वच्छ फळ हवं, म्हणून सासूबाई झाडाखाली रोज कडुलिंबाचा धूर करू लागल्या. उंबरं कच्चीच गळू लागली. तेव्हा त्यांनी फर्मावलं, "झाड वांझ झालं, तोडा." मी वैतागून म्हटलं, "आत्याबाई, उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात, तो किडाच ती फळवतो. पिढ्यान् पिढ्या दोघं एकमेकांजोगे घडलेत, पिंपळाचा किडा इथे चालत नाही. हा कावेरीकाठच्या उंबरांवरून येतो आणि तुमच्या धुराने माघारी जातो!" "अय्यो! कीड पोसायची, वर तिचे उपकार मानायचे? हेच शिकवलं का गो कॉलेजात?" शेवटी कटकटीला कंटाळून मामंजी म्हणाले, "धूर बंद. एक बहर थांबू." पुढच्या बहराला झाड लालभडक झालं. सासूबाईंनी उंबरं न फोडताच देवापुढे ठेवली आणि मला ऐकवलं, "बघ, दत्ताने माझं ऐकलं." मी कपाळावर हात मारला. झाड अजून आहे, आणि किडेही आहेत.