आईने न पाहिलेली दरी

आमच्या घरी सुट्टीत कुठे जायचं, हा प्रश्नच नसायचा. चिखलदरा. अकोल्याच्या उन्हात भाजून निघालेल्या माणसाला दुसरा डोंगर सुचतोच कुठे? बाबा शाळेत मास्तर, म्हणजे सुट्ट्यांना तोटा नाही. उन्हाळा, श्रावण, दिवाळी, जानेवारी, असं वर्षातून चारदा आम्ही परतवाड्याला गाडी बदलून एसटीने घाट चढायचो. सोबत कणीक, वांगी, तुपाची बरणी आणि पोतंभर गोवऱ्या. डोंगरभर लाकूड पडलेलं असताना हे लोक अकोल्याहून गोवऱ्या घेऊन चालले, म्हणून कंडक्टर हसायचा. हसेना का! रोडगे गोवऱ्यांच्या आरावरच भाजायचे, याबाबत बाबा कुणाचं ऐकत नसत.

रोडगा म्हणजे कणकेच्या पुऱ्या एकात एक गुंडाळून केलेला जाड गोळा. त्याला घाई चालत नाही. आधी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर पडू द्यायचा, मग रोडगे उलटत-पालटत, राखेत पुरत भाजायचे. तोवर झाडावर वानरांची अख्खी टोळी टपून बसलेली. कुणीतरी राखणीला बसायलाच हवं.

आई बसायची. बाबा, दादा आणि मी पॉइंटवर जायचो. मे महिन्यात दरी विटक्या धोतरासारखी दिसायची, श्रावणात ढग पायाखालून जायचे, दिवाळीत गवत सोनेरी व्हायचं, आणि जानेवारीत पार खालची गावं स्वच्छ दिसायची. बाबा आम्हाला अर्धा तास तरी गप्प उभं करायचे. वर्गात त्यांना कधी न जमलेली ती शांतता अजून माझ्या कानात आहे. परत आलो की आई राख झटकून रोडगे फोडायची, त्यात तूप ओतायची, आणि आम्ही तुटून पडायचो. ती चव गेली ती गेलीच.

बाबा गेले, ते जाणंही थांबलं. मग गेल्या वर्षी आईला काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकवू, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर बाकावर बसल्यावर तिला धीर द्यावा म्हणून दादा म्हणाला, "आई, चिखलदऱ्याची दरी आठवते का तुले? तिथं जाऊ पुन्हा."

"म्या कुठं पाह्यली?" आई म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं, म्हणून सांगितलं. दादा माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे. इतकी वर्षं, वर्षातून चारदा, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

लगेच मेमध्ये गेलो. समोर नुसती धूळ, तिला काहीच दिसलं नाही. श्रावणात गेलो तर धुकं असं, की दादा हातभरावरून बोलत होता तरी दिसेना. दिवाळीत घाटात गाड्यांची रांग लागली. पोचलो तेव्हा अंधारलं होतं. दर वेळी आई म्हणायची, "जाऊ द्या न, काय अडलं हाये." आणि दर वेळी डॉक्टर सांगायचे, नजरेचा घेर आणखी थोडा आत आला आहे. दादा चिडून ढगांनाही शिव्या द्यायला लागला होता.

जानेवारीत पुन्हा निघालो. आभाळ धुतल्यासारखं. आईने सकाळी उठून डबा भरलाच. सांगून ऐकते थोडीच! पॉइंटवर तिला हात धरून कठड्याशी नेलं आणि बाकावर बसवलं. तांदूळ निवडताना ताटावरून नजर फिरावी तशी, मान वळवत, ती दरी थोडी थोडी करून पाहू लागली. मधेच थांबायची, मागे जायची, पुन्हा पुढे. मी काही दाखवायला बोट उचललं, तर तिने ते हळूच खाली केलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "किती वेळ थांबत होते तुमी इथं?"

"अर्धा तास," मी म्हणाले.

"दर वेळी?"

मी हो म्हणाले. ती दरी पाहत राहिली.

दुपार कलली. दादाने घड्याळ पाहिलं. "आई, चाल, जेवून घेऊ. पुन्हा येऊ इथं."

"तुमाले भूक लागली असंन त घ्या वाढून," आई दरीवरून नजर न काढता म्हणाली. "मले बसू द्या."