वाजणारे ड्रम

"दीदी, अब सुनना," पंचरामभैया म्हणाले. यार्डातल्या सगळ्यांनी हात थांबवले.

टण्ण.

ड्रमांच्या रांगेत कोणी नव्हतं. माणूस नाही, मांजर नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाकडून उत्तर आल्यासारखं पुन्हा, टण्ण.

हिंदी मुलखातल्या भनपुरीतलं हे भंगाराचं यार्ड. कारखान्यांतून आलेले दोनशे लिटरचे ड्रम इथं गॅस कटरनं चिरतात आणि पत्रा सपाट करून विकतात. पंचरामभैया कटरमन. मी कामगारांच्या एका संघटनेची सेफ्टी ट्रेनर. पॅम्प्लेटं लिहिते, वाटते, भांडते.

मागच्या वर्षी कापताना एक ड्रम फुटला आणि पंचरामभैयांचा जोडीदार गेला. "वही बजाता है," असं सगळे म्हणायचे. वाजणाऱ्या ड्रमाला कोणी हात लावत नव्हतं. ते भिंतीशी साचले होते, प्रत्येकावर शेंदराचा टिळा. त्या माणसाच्या मरणाची चौकशी झाली नाही. पूजा मात्र मालकानं लगेच घातली.

माझं डोकं फिरलं. कारण साधं आहे. बंद ड्रममधल्या वायूचे कण सतत धावत असतात, पत्र्यावर आपटत असतात. ऊन चढलं की त्यांचा वेग वाढतो; धडका जोरात बसतात आणि जास्त वेळा बसतात. जागा तेवढीच, म्हणून दाब वाढतो. एका क्षणी झाकणाचा पत्रा बाहेर उसळतो. टण्ण. संध्याकाळी गार झाला की आत बसतो, परत आवाज. बूच उघडं असेल तर वायू बाहेर पडतो, ड्रम गप्प.

मी पॅम्प्लेट काढलं: 'ड्रममध्ये भूत नाही, तापलेली हवा आहे.' वाचून दाखवलं. लोक हसले. मीही खूश.

आठवड्यानं गेले तर पॅम्प्लेट गेटवर चिकटवलेलं. आत पंचरामभैया टिळा लावलेल्या ड्रमावर वाकलेले, कटरची निळी ज्योत पत्र्यापासून हातभर. तेवढ्यात ड्रम वाजला. ते दचकले, पण मागं सरले नाहीत. मागं सरायचं कारण मीच काढून टाकलं होतं.

मी धावत जाऊन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केले.

"काहून बंद केलं वो?" मॅनेजर वानखेडेकाका ओरडले. ते मूळचे वर्ध्याचे. "तूच त लिवलं, हवा हाय म्हणून! हवेले काय भ्यायचं? शेठजीनं आज सारे कापाले सांगितले."

"काका, याच्यात आधी काय होतं?"

"थिनर असन. मले काय मालूम?"

"बूच बंद आहे. मग थिनरची वाफ कुठं गेली?"

काकांनी ड्रमाचं बूच चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अवं पोट्टी, हे कागदावर काहून नाही लिवलं?"

वाजतो म्हणजे बंद. बंद म्हणजे पेटणारी वाफ आतच. मी पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलंच नाही.

गेटवरच्या चहाच्या टपरीचा स्टोव्ह विझवायला लावला. ड्रमावर ओली पोती टाकली, तो गार होईपर्यंत थांबलो. मग पंचरामभैयांनी माझ्याकडच्या पितळी पान्यानं बूच सैल केलं. पितळेनं ठिणगी पडत नाही. फुस्स आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबेना. थिनरचा वास गेटपर्यंत गेला. भिंतीशी असे आणखी अकरा होते आणि ऊन चढत होतं. एकामागून एक ते वाजू लागले. सगळा हिशेब मला पाठ होता, तरी अंगावर काटा आला.

शेठजींना फोनवर सांगितलं, "कापायचे असतील तर लेखी ऑर्डर द्या. कोणी कापायचे, त्याचं नावही लिहा." ऑर्डर आली नाही. उघड्या ड्रमातही थोडी वाफ उरते, म्हणून आता प्रत्येक ड्रम, उघडा असो की बंद, धुऊन, पाण्यानं भरून मगच कटरखाली जातो.

"मतलब वो नहीं बजाता था?" पंचरामभैयांनी विचारलं.

"नहीं, भैया."

"हव," त्यांनी होकारार्थी मान हलवली. "पर बचाया तो उसी ने."

मी वाद घातला नाही; त्याच्या भीतीनंच तर इतके दिवस ते ड्रम कोणी कापले नव्हते. विज्ञान सांगायला गेलात तर शेवटचं वाक्यही सांगून या: हात कुठं लावायचा नाही. तेवढ्याचाच मला पगार मिळतो.