मशीनची अदलाबदल

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण एवढा चहा पाजताय, तर ऐका. झोपेत माणूस किती मूर्खपणा करू शकतो? फारसा नाही. मी केला तो टक्क जागेपणी!

मी घोरतो. कसा? नायगावात समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझ्यामुळे खिडक्या लावून घेतात, असा. त्यात झोपेत माझा श्वास मध्येच बंद पडायचा आणि आमची सुनंदा घाबरून मला ढोसत बसायची. दिवसा मी ऑफिसात फायलींवर पेंगायचो.

परळच्या एका हॉस्पिटलात यावर अभ्यास चालला होता. नाकाला मास्क, मास्कला नळी, आणि मशीन नळीतून हवा सोडणार, म्हणजे घसा मिटत नाही. मी गेलो, शेजारच्या सावंतलाही नेलं. तोही माझ्याच जातकुळीचा घोरणारा. तिथल्या डॉक्टर मुलीने नीट समजावलं, "काका, काहींना खरं मशीन मिळेल, काहींना नुसतं दिसायला तसं. आवाज तोच, पण हवेला जोर नाही. कुणाकडे कुठलं, ते मलाही माहीत नाही. अभ्यास संपला की सगळ्यांना खरं देऊ."

सही केली, मशीन आणि रोजच्या झोपेच्या नोंदीची वही घेऊन घरी आलो, आणि डोक्यात किडा शिरला. आपलं खोटंच असणार! आयुष्यात मला कधी काही खरं मिळालंय?

आठ दिवस झाले, काडीचा फरक नाही. सुनंदा म्हणाली, "अहो, घोरणं कमी झालंय." मी म्हटलं, "तुला सवय झालीय!" आणि तिकडे सावंत? सकाळी गॅलरीत शीळ घालत उभा! म्हणजे खरं त्याच्याकडेच ना?

"सावंत, मशीन बदलायचं का रे?"

"माका दोनय सारकीच," तो म्हणाला. "तुका व्हया तर घेवन जा."

देवमाणूस हो! मास्क ज्याचा त्याच्याकडे, मशीनं फक्त बदलली. आणि दुसऱ्या दिवशी मी ताजातवाना! ऑफिसात प्रत्येकाला गाठून झोपेवर भाषण दिलं. सुनंदा म्हणाली, "अहो, परत घोरताय." मी काय म्हणावं? "हे बरं झाल्याचं घोरणं आहे!"

त्याच आठवड्यात मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला हिंदमाताला गेलो. सोबत ती आणि होणाऱ्या विहीणबाई. दुकानात पांढऱ्या गादीवर बसून मी त्यांना सांगतोय, "आता दिवसा डोळा म्हणून लागत नाही." सेल्समनने तिसरी पैठणी उलगडली... बस, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा माझं डोकं विहीणबाईंच्या खांद्यावर, आणि सेल्समन विचारतोय, "मॅडम, साहेबांना उशी देऊ का?"

विहीणबाईंनी खांद्यावरचा ओला पदर तेवढा झटकला. घरी येऊन पोरगी दार लावून रडली. "बाबा, ते लोक काय म्हणतील?" मला वाटलं, त्या साड्यांच्या ढिगातच गाडून घ्यायला हवं होतं.

सुनंदाने मला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर मुलीने मशीन उलटं करून नंबर बघितला. "काका, हे तुमचं नाहीच!"

मी सगळं ओकलो. ती डोक्याला हात लावून मोठ्या डॉक्टरांकडे गेली. नियम मोडलाच होता, तेव्हा त्यांनी कुणाकडे कुठलं मशीन याची यादी उघडली. परत आली ती रडवेली होऊन.

"काका, तुमचं होतं ते खरं. हे खोटं! आणि रोजच्या नोंदीत तुम्ही काय लिहिलंय? खऱ्यावर 'शून्य फरक'. खोट्यावर 'पुनर्जन्म'! तुमच्या आणि सावंतांच्या, दोघांच्याही नोंदी आता बाद. माझी सगळी मेहनत पाण्यात."

सावंत तिकडे माझ्या मशीनवर ढाराढूर झोपत होता. मी मात्र घरच्या पोरीला रडवलं, या पोरीलाही रडवलं.

"मला आता खरं मिळेल ना?" मी हात जोडले.

"मिळेल. पण ते खरं आहे, हे तुम्हाला पटवायचं कुणी?"

सुनंदा पर्स उचलत म्हणाली, "डॉक्टर, त्यांना नुसतं सांगा, सावंतचं आहे. लगेच गुण येईल!"