धुऱ्याखालची भेग

गेल्या जानेवारीत शेंदूरजनाघाटजवळच्या एका संत्राबागेत आम्ही खणलेला चर शेतमालकाने अर्धा बुजवायला लावला. आम्हाला हवी असलेली वाळू तेव्हा चरातच होती.

मी भूवैज्ञानिक आहे. सातपुड्याच्या पायथ्याने एक भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे जमिनीतली खोल भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. रोज नाही. त्या अडकून राहतात आणि भूकंपात एकदम सुटतात. हजारो वर्षांत त्या किती सरकल्या आणि किती उचलल्या गेल्या, हे मोजणे आमचे काम.

इथे एका नाल्याचे जुने, कोरडे पात्र भेगेवर तुटले होते. ड्रोनच्या नकाशात त्याची दोन टोके समोरासमोर नव्हती. वरचे टोक संपते तिथून खालचे टोक संत्र्याच्या कित्येक झाडांपलीकडे. पात्रातली वाळू कधी गाडली गेली हे कळले, की सरकण्याचा वेग निघतो.

भेग नेमकी धुऱ्याखालून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाखालून जात होती. दक्षिणेला प्रभाकररावांचे शेत, उत्तरेला कुसुमकाकूंचे. दोघांच्या परवानगीने जेसीबीने धुऱ्याला आडवा चर खणला.

आम्ही आत उतरलो. गोट्यांचा एक थर दक्षिणेला गुडघ्यापाशी होता. भेगेपलीकडे तोच थर छातीपाशी. वाहते पाणी गोटे आडवे निजवते. भेगेलगत ते उभे होते.

कुसुमकाकू शिडीने खाली आल्या. त्यांनी भेगेवर तळहात ठेवला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"हे सारं हाल्लं?"

"हो, काकू."

"अन् आमी वर बसून संत्री तोडून राहिलो!"

प्रभाकरराव वरून ओरडले, "आयकलं का काकू? धुरा मी नाई सरकवला. जमीनच सरकून राहिली!"

"जमीन सरकते त दरवख्ती तुह्याच फायद्याची काहून सरकते रे?"

धुऱ्याचा वाद जुना होता. आम्हाला तो तेव्हा कळला: मागच्या सालीही प्रभाकररावांनी धुरा काकूंच्या शेतात सरकवला, असे काकूंचे म्हणणे.

"साहेब, एवढं कागदावर लिहून द्या," प्रभाकरराव म्हणाले. "शिक्का मारून."

"नाही देता येणार. इथली जमीन सरकते ती धुऱ्याच्या लांबीने. तुमचा वाद आडव्या सरकण्याचा आहे. आणि एवढी एका वर्षात सरकली असती, तर गाव उभे राहिले नसते."

"मंग माह्या शेतातला चर बुजवा. आत्ताच."

दक्षिणेची अर्धी बाजू बुजली. चांगली वाळू तिथेच होती. उत्तरेला सगळे गोटे, त्यात वाळूचा एकच पातळ पट्टा.

"माह्या बाजूनं काढा तुमची रेती," काकू म्हणाल्या. "फक्त त्यानंच धुरा सरकवला, असं लिहून द्या."

"तेही नाही देता येणार, काकू. मला हजारो वर्षांपूर्वीचे कळते. मागच्या सालचे मोजणीवाले सांगतील."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मग हसल्या. "लय मोठे साहेब हा तुमी! मांगच्या सालचं कळत नाई म्हनते. घ्या, घ्या रेती."

वाळूचा कण गाडला गेला की आसपासच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्याच्यात साठू लागते. ऊन लागले की ती निघून जाते. म्हणून नमुन्याला उजेड दाखवायचा नसतो. आम्ही चरावर काळे कापड धरले, पोलादी नळी पट्ट्यात ठोकली, दोन्ही तोंडे बंद केली. काकू कापडाचे एक टोक धरून उभ्या होत्या.

प्रयोगशाळेचा अहवाल पावसाळ्यात आला. त्या वाळूने शेवटचे ऊन पाहिले तेव्हा या भागात शेती सुरू झालेली नव्हती. तेव्हापासून भेगेची उत्तर बाजू गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीएवढी वर आली. दोन्ही बाजू एकमेकींना घासून बागेच्या निम्म्या लांबीइतक्या सरकल्या. सरासरी काढली तर वर्षाला नखाच्या जाडीएवढ्याही नाहीत.

अहवालाची प्रत मी दोघांनाही दिली. काकूंनी धुऱ्याच्या सरकारी मोजणीसाठी अर्ज केला आहे. मोजणी अजून झालेली नाही.